किरकोळ : चौदा हजार

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. भाऊबीज.
अक्काने ओवाळलं. ताटात पाचशे टाकले. तिने नेहमीप्रमाणे दोनशे परत केले. भाचा आणि सूनबाई कालच पुण्याहून आलेत. जेवणं उरकल्यावर पोराने लॅपटॉप उघडला. म्हणाला, मामा, एक हिशेब तपासून द्या. वाटलं, फ्लॅटचा असेल. निघाला शिडाच्या बोटीचा. दोघांनी नोकऱ्या सोडायच्या, मलेशियात लँगकावी बेटावर एक जुनी बोट विकायला आहे ती घ्यायची, आणि तिच्यातच राहायचं. फिरत फिरत.
अक्का लसूण सोलत होती. सोलत राहिली.

४ नोव्हेंबर
सकाळी गेले. जाताना पोराने माझ्या टेबलावर एक जस्ताचा तुकडा ठेवला. गोव्यात शीड चालवायला शिकायला गेला होता, तिथून आणलेला. मुठीएवढा. एका बाजूने सगळा खड्डे-खड्डे, कडा धारदार झालेल्या. खाऱ्या पाण्यात दोन धातू जवळ आले की एक दुसऱ्याला खातो म्हणे. म्हणून बोटीच्या पंख्याच्या दांड्यावर मुद्दाम जस्त लावायचं. पाणी जस्त खातं, पंखा वाचतो. संपत आलं की नवं लावायचं. विसरलात की पंखा गेला.
कारखान्यात घसारा आयुष्यभर कागदावर काढला. हा हातात धरता येतो.

६ नोव्हेंबर
झेरॉक्सच्या दुकानातून त्याचा तक्ता छापून आणला. पडद्यावरचा आकडा मला दिसत नाही, म्हणजे दिसतो पण पटत नाही.
बोट ३८ फुटी, ४५,००० डॉलर. डॉलर ८४ धरलाय. ३७ लाख ८० हजार. वर डागडुजीला ८ लाख. सगळी पुंजी ९० लाख, म्हणजे हातात ४४ राहतात.
महिन्याचा खर्च असा. किराणा २२,०००. मरिना आणि नांगर १२,०००. डिझेल ७,०००. गॅस-पाणी ३,०००. इंटरनेट ५,०००. बोटीचा विमा ७,०००. देखभाल ८,०००. व्हिसा आणि बंदराची फी ६,०००. आरोग्य विमा ४,०००. बाहेर खाणं-फिरणं १०,०००. किरकोळ १४,०००. एकूण ९८,०००.
बेरीज बरोबर आहे. तेवढंच बरोबर आहे.
किरकोळ देखभालीपेक्षा मोठं. एकतीस वर्षं लेजर लिहिलं. ज्या खात्यात किरकोळ मोठं, तिथे काहीतरी लिहायचं राहिलेलं असतं किंवा लिहायचं नसतं.

७ नोव्हेंबर
सोयाबीन अजून घरात. हमीभाव ४,८९२. आडत्याने आज ४,०५० सांगितला. खरेदी केंद्रावर म्हणे ओलावा जास्त. सगळे प्रचाराला येतात, ओलावा मोजायला कुणी येत नाही.

९ नोव्हेंबर
फोन केला. विचारलं, देखभाल आठ हजार कुठून काढली?
"सरासरी काढली मामा. एका जोडप्याचा व्हिडिओ बघितला."
"त्यांची बोट कितीची?"
माहीत नव्हतं.
बोटवाल्यांचा ठोकताळा त्यानेच नंतर शोधून पाठवला. बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दर वर्षी देखभालीला धरायचे. म्हणजे ३ लाख ७८ हजार. महिन्याला ३१,५००. आठ हजार कुठे, साडेएकतीस कुठे. आणि बोट जुनी असली तर खरेदीची किंमत नव्हे, तीच बोट नवी घ्यायला काय पडेल ते बघायचं, असंही काहीजण सांगतात. ते मी धरलं नाही. पोरगं आजच मोडायला नको.

१० नोव्हेंबर
पेपरात बातमी. नौदलाची शिडाची बोट 'तारिणी' काल ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला पोचली. दोघीच जणी, दिलना आणि रूपा, २ ऑक्टोबरला गोव्याहून निघालेल्या. अक्काला वाचून दाखवलं.
"दोघीच?"
"दोघीच."
"मग सैपाक कोण करतंय?"

११ नोव्हेंबर
पोराचं म्हणणं, बोटीवरचा खर्च महिन्याचा नसतो हे त्याला कळतं, पण तक्त्यात कुठेतरी महिना घालावाच लागतो. पगारदार माणूस. एक तारखेपासून एक तारखेपर्यंतचंच दिसतं.
माझी शेताची वही काढली. २०१५ पासूनची. जूनमध्ये बी-खत, नंतर चार महिने जवळजवळ काही नाही, मग एकदम मोटार जळाली. मोटार महिन्याच्या हप्त्याने जळत नाही. २०१६ ला बोअर आटला, नवा घेतला, त्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. त्या पानावर दुसरा आकडाच नाही, फक्त बोअर. पाच पानांचे फोटो काढून त्याला पाठवले. खाली लिहिलं, सरासरी काढ आणि मग कोणत्या वर्षी ती सरासरी खरी ठरली ते सांग.
रात्री उशिरा उत्तर. "एकाही नाही."

१२ नोव्हेंबर
तारांचं निघालं. डोलकाठी उभी असते ती चहूबाजूंच्या पोलादी तारांवर. दहा-पंधरा वर्षांनी त्या बदलायच्याच, वरून चकचकीत दिसल्या तरी. आतून, जिथे तार चापात घुसते तिथे, चीर पडते. विमा कंपन्या आधी तेच विचारतात, तारा कोणत्या सालच्या? या बोटीच्या कोणत्या सालच्या, ते विकणाऱ्याने लिहिलेलं नाही. विचार म्हणालो.

१५ नोव्हेंबर. कार्तिकी पौर्णिमा.
आजपासून कारखान्यांचं गाळप. रस्त्याच्या कडेला बैलगाड्या दिसायला लागल्या. सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली असं ऐकलं. बघू.

१६ नोव्हेंबर
आज नुसतं कराचं. तक्त्यात नाहीच.
रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. मर्यादेची अडचण नाही. पण शिक्षण आणि आजारपण सोडून दुसऱ्या कामाला ७ लाखांच्या वर रक्कम गेली की बँक वरच्या रकमेवर २० टक्के आधीच घेते. एकट्याच्या नावाने पाठवले तर ३०.८ लाखांवर ६ लाख १६ हजार. दोघांनी अर्धे-अर्धे पाठवले तर १४ लाख सुटतात, राहिलेल्या २३.८ लाखांवर ४ लाख ७६ हजार. हे पैसे बुडत नाहीत. रिटर्न भरल्यावर परत मिळतात. पण नोकरी सोडलेल्या वर्षी पावणेपाच लाख सरकारकडे अडकून पडणार, आणि नेमकं तेव्हाच तळाला रंग लावायचा असणार.
हिने चहा आणून ठेवला. गार झाला. म्हणाली, रिटायर होऊन आठ वर्षं झाली तुम्हाला.

१८ नोव्हेंबर
पाण्याची टाकी ३०० लिटर. दोघांना माणशी सात लिटर रोज. तीन आठवडे. समुद्राचं पाणी गोड करायचं यंत्र चार-साडेचार लाखांना, तेही त्याला घ्यायचंय.
अक्काला सांगितलं. ती उठली, परातीत दुपारची भांडी घेतली. दोन ताटं, दोन वाट्या, पातेलं, तवा. आधी राखेने कोरडीच घासली. मग एक तांब्या पाणी परातीत, त्यात सगळी बुचकळली. दुसरा तांब्या, थेंब-थेंब, एकेका भांड्यावरून. परातीतलं पाणी तुळशीला. म्हणाली, मीठपाण्यानं घासायची, मग हाच दुसरा तांब्या तेवढा गोडा. साडेचार लाख कशाला?
फोनवर तिने स्वतः सांगितलं सूनबाईला. सूनबाई लिहून घेत होती.
यंत्र तक्त्यातून काढलं. हा एकच आकडा आजवर खाली आला.

२० नोव्हेंबर, बुधवार.
मतदान. बोटाला शाई. अक्काला रांगेत उभं राहू दिलं नाही, खुर्ची दिली.

२१ नोव्हेंबर
रात्री अक्का न्हाणीत घसरली. पाय मुरगळला. हाड शाबूत. फोटो काढला, पट्टी बांधली, दहाला घरी. पोराला सकाळी कळवलं. पुण्याहून निघतोच म्हणाला. नको म्हणून तिनेच फोन घेतला.
पुणे ते अणदूर, सोलापूरवरून, सहा तास.
लँगकावी ते क्वालालंपूर, तिथून मुंबई, मुंबई ते सोलापूर, सोलापूर ते अणदूर. तिकीट त्याच दिवशी मिळालं तर दीड दिवस. बोट नांगरावर सोडून येता येत नाही, आधी मरिनात नेऊन बांधायची. त्याचा एक दिवस.
हे वहीत का लिहिलं कोण जाणे. त्याला पाठवलं नाही.

२३ नोव्हेंबर
निकाल. दिवसभर टीव्ही. अक्काचा पाय उशीवर.

२५ नोव्हेंबर
तारिणी काल फ्रीमँटलहून निघाली. आता न्यूझीलंड.
कपाटात २०१० चं कात्रण सापडलं. कमांडर दिलीप दोंदे. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून एकटा निघाला, मे २०१० मध्ये परत. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय. 'म्हादेई', ५६ फूट, गोव्यात दिवाडीच्या बेटावर बांधलेली. ही कल्पना लावून धरणारे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहायचे कुठे, तर फलटण तालुक्यात विंचुर्णीला. समुद्र न दिसणारं गाव. त्यामुळे आपणही या कागदावर बोलायला हरकत नाही.
पण त्या बोटींचा जमाखर्च नौदलाचा. शीड फाटलं, नवं आलं. आमच्या पोराचं शीड फाटलं तर ते ४४ लाखांतून येणार.

२८ नोव्हेंबर
हायवेच्या पलीकडे, आमच्या बांधाला लागून, ऊसतोडीची टोळी उतरलीय. बीडकडची. दहा-बारा कोप्या. संध्याकाळी गेलो. त्यांना पिण्याच्या पाण्याला आमचा बोअर दाखवायचा होता.
एक जोडपं, दोन पोरं, एक शेरडू. कोपीत जे होतं ते सगळं एका नजरेत मावलं. पत्र्याची पेटी, दोन घागरी, ज्वारीचं पोतं गावाकडून भरून आणलेलं, मोबाइल चार्ज करायला सोलरची एक पाटी. बाई भाकरी करत होती, नवरा कोयत्याला धार लावत होता. जानेवारीत दरवाढ झाली ३४ टक्के, ती मिळते का विचारलं. मिळते म्हणाला, टनाला साडेतीनशेच्या वर. दोघं मिळून दिवसाला दीड-दोन टन. उचल किती? दीड लाख.
"पाच महिने कसे बसवता दीड लाखात?"
नवरा हसला. बाई तव्यावरची भाकरी न बघता म्हणाली, "आधी म्हातारीचं बाजूला काढायचं. ईस हजार. ती गावाकडंच हाय, तिला येववत न्हाई. ते तिच्या हातात दिल्याबिगर पेटी उचलायची न्हाई. राहिलं ते आपलं, पुरंल तसं."
घरी आलो. जेवलो नाही फारसं.

२९ नोव्हेंबर
तक्ता नव्याने मांडला. हाताने, आखीव कागदावर.
देखभाल ३१,५००. किरकोळ तसंच ठेवलं. घरी येण्याची तिकिटं, वर्षाला एक खेप दोघांची, ६०,००० धरले, महिन्याला ५,०००. एकूण १,२६,५००.
त्यांच्या फ्लॅटचं येणारं भाडं त्याने २८,००० धरलंय बारा महिने. सोसायटीची वर्गणी, घरपट्टी, दोन भाडेकरूंमधला रिकामा महिना. हे वजा जाता २२,०००.
४४ लाखांवर सात टक्के व्याज. त्याच्या हिशेबाने जवळपास सात वर्षं पुरतात. माझ्या हिशेबाने चार. चौथ्या वर्षाच्या अखेरीला खात्यात दोन लाख.
सूनबाई रोज तीन तास ऑनलाइन काम करणार म्हणते. मिळालं की जमेला लिहू.
हे सगळं दुसऱ्या ओळीपासून लिहिलंय. पहिली ओळ कोरी. नुसता एक आकडा घातलाय, १, आणि पुढे रेघ. फोटो काढून पाठवला.

३० नोव्हेंबर
दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

२ डिसेंबर. मार्गशीर्ष प्रतिपदा.
खंडोबाची यात्रा. भंडाऱ्याने सगळं गाव पिवळं. अक्का पाय ओढत दर्शनाला आलीच. पोराचा फोन आला तेव्हा मागे वाघ्याची दिमडी वाजत होती, त्यालाही ऐकू गेली. तो तक्त्याचं बोलला नाही. म्हणाला, देव आता नळदुर्गला जाणार ना? पावणेदोन महिने तिथलं मैलारपूर, सव्वादहा महिने अणदूर. बघा मामा, देवसुद्धा हलतो की.
म्हटलं, हलतो, पण दोन्ही गावं लेखी करार करतात तेव्हा हलतो. आणि त्याचा खर्च दोन्ही गावं उचलतात.

३ डिसेंबर
देव नळदुर्गला. देऊळ रिकामं. पुजारी पायरीवर पेपर वाचत बसलेले.

६ डिसेंबर
सूनबाईचा फोन, त्याला न सांगता. "मामा, त्या पहिल्या ओळीत काय लिहायचं ते तुम्ही सांगा ना." मी म्हणालो, ते मी लिहायचं असतं तर लिहिलंच असतं. मग बराच वेळ ती बोटीचंच बोलली. जूनपासून तिकडे वारा उलटा, पाऊस. पुष्कळ लोक तेव्हा बोट पाण्याबाहेर काढून यार्डात टेकूवर ठेवतात, तळ खरवडतात, रंग लावतात, आणि आपापल्या घरी जातात. बोटीत राहायचं तर पाणी हवं, टेकूवर कसलं राहणं. यार्डाचं भाडं मरिनापेक्षा कमी.
मी काही बोललो नाही. ऐकत होतो.

११ डिसेंबर
सोयाबीन विकली. ४,१२०. थांबण्यात अर्थ नव्हता, केंद्रावर बारदाना नाही.

१५ डिसेंबर
तिला भूमध्य समुद्र बघायचाय. ग्रीस. तांबड्या समुद्रातून जायचं तर गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून हुतींचे हल्ले, विमा कंपनी त्या पट्ट्यात जबाबदारी घेत नाही. आफ्रिकेला वळसा घालून जायचं तर एक वर्ष आणि नवी शिडं. शिवाय आपला पासपोर्ट. शेंगेन व्हिसा जूनपासून माणशी ९० युरो, आणि १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. बोटीला मात्र व्हिसा लागत नाही, तिचे नियम निराळे. बोट राहू शकते, माणसं नाही.
मलेशियात आपल्याला सध्या व्हिसा नाही, ३० दिवस. थायलंडमध्ये ६०. त्या दोघांत येरझाऱ्या. ग्रीसची ओळ खोडली. "पहिल्या दोन वर्षांत नाही" असं समासात लिहिलं, तिचं मन राहावं म्हणून.

१९ डिसेंबर
डॉलर ८५ च्या वर. पहिल्यांदाच. बोट जागची हलली नाही, ४५ हजारांनी महाग झाली.

२३ डिसेंबर
तारिणी काल न्यूझीलंडला लागली. लिटलटन. अक्का विचारते, त्यांचे आईबाप कुठं असतात.

२७ डिसेंबर
मनमोहनसिंग काल रात्री गेले. ९१ साल आठवलं. तेव्हा रुपया दोनदा उतरवला, दोन दिवसांच्या अंतराने, आणि कारखान्याला परदेशी सुट्या भागाचं बिल नेमकं त्याच आठवड्यात आलं होतं. साहेब म्हणाले, किरकोळीत टाका.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस.
पोरं काल रात्रीच आली. सकाळी डोक्यावर पाट्या घेऊन सगळे शेतात. कडब्याची कोप, पाच दगडांना चुना. भज्जी, आंबील, उंडे, बाजरीची भाकरी. हरभरा घाट्याला आलाय, ज्वारी कमरेच्या वर. पलीकडच्या टोळीतल्या पोरांना हाक मारली. ती आली, जेवली, शेरडूही आलं.
जेवल्यावर चिंचेखाली बसलो. पोराने खिशातून माझाच आखीव कागद काढला, घडीवर मळलेला. पहिल्या ओळीत लिहिलं होतं : आई, दरमहा २०,०००. खाली, जून-जुलै, बोट टेकूवर, मुक्काम अणदूर.
अक्काला वाचून दाखवलं. त्यानेच दाखवलं, मी नाही.
अक्का म्हणाली, "पैशे कशाला? तुझ्या बापाची पेन्शन येतीया मला. तीच सरंना."
"असू दे आई."
"असू दे काय? मामानं एवढी रात-रात जागून तुझं कमी केलं, आन् तू परत वाढवतूस?"
सूनबाईला हसू आलं. पोराला आलं नाही. तो उठून बांधापर्यंत गेला, बोअरचं झाकण विनाकारण उचलून पाहिलं, परत आला.
अक्का आंबील पीत होती. मग म्हणाली, दोन महिने याल म्हणता ते या. पण माझं बी एक तिकीट त्यात घाला. एकदा. कसं राहता ते बघून येते, म्हंजी घोर न्हाई.
कुणीच काही बोललं नाही. हीच म्हणाली, भज्जी घ्या कुणीतरी, उरलीय.

३१ डिसेंबर
नवी मांडणी. दहा महिने १,२६,५००, दोन महिने ६०,००० धरून. वर्षाला १३ लाख ८५ हजार. भाडं वजा जाता ११ लाख २१ हजार. चार वर्षांची पावणेपाच झाली. अक्काचे वीस हजार खोडले, तिने समोर बसून खोडायला लावले. पोराने पेन्सिलीने पुन्हा लिहिले. त्यांचं त्यांनी बघावं.
किरकोळ १४,००० चं काय, विचारलं. म्हणाला, मामा, ते खरं सांगू का, बोट मनाला आली नाही तर परत यायचे पैसे साठवायला ठेवलेत, तिला सांगितलं नाही.
त्याला म्हटलं, मग त्याला नाव दे. वेगळं खातं कर. आणि तिला सांग.

४ जानेवारी २०२५
सांगितलं वाटतं. सुधारित तक्त्यात 'परतीचा निधी, १०,०००' अशी ओळ आलीय, तिच्या अक्षरातल्या टिपेसकट : "मला आधीच माहीत होतं." किरकोळ ४,०००.

८ जानेवारी
लँगकावीहून सर्व्हेअरचा अहवाल. बोट पाण्याबाहेर काढून, तळ ठोकून पाहिलेला. तळ ठीक. इंजिन ठीक. तारा २००९ च्या. डेकवर दोन ठिकाणी पाणी मुरलेलं. पंख्यावरचं जस्त शंभर टक्के संपलेलं, दांड्यावर खड्डे. मालकाने दोन वर्षं बघितलंच नाही.
पोरगं निराश. मी नव्हतो. अहवालाला चार कामं, चार कामांना चार आकडे. ते आकडे किमतीतून मागायचे. ३९,००० सांग म्हणालो. तो म्हणाला, असं कसं तोंडावर सांगायचं? आडत्याने मला तोंडावरच सांगितलं होतं, ४,०५०.

१३ जानेवारी. पौष पौर्णिमा.
मैलारपूरची यात्रा. गर्दीमुळे हायवे नळदुर्गपर्यंत तुंबलेला. पाय बरा झालाय म्हणून अक्का चालत निघाली होती, तिला रिक्षात बसवलं.
तिथूनच पोराचा फोन घेतला. मालक ४१,००० वर आला. डॉलर ८६ च्या वर गेलाय, आज तर साडेशहाऐंशीला टेकला. ३५ लाख ४६ हजार. नोव्हेंबरातला डॉलर असता तर ३४ लाख ४४. घासाघीस करून जे वाचलं त्यातला लाखभर रुपयाने नेला. पण चार कामांचे पैसे सुटले. घे म्हणालो.
हा शब्द तोंडातून गेला तेव्हा अक्का शेजारीच भंडारा घेत होती. तिने ऐकलं. कपाळाला लावला, माझ्याही लावला.

१७ जानेवारी
अक्काच्या पासपोर्टचा अर्ज. सूनबाईने पुण्यातून भरला. फी १,५००, ज्येष्ठांना दहा टक्के सूट, १,३५०. अडलं जन्मतारखेवर. आधारवर १ जानेवारी. शाळेच्या दाखल्यावर १ जून, गुरुजींनी त्या वर्षी सगळ्या वर्गाला दिलेली. अक्का सांगते, पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी, ज्वारी काढणीला आली होती तेव्हा. ज्वारी काढणी म्हणजे माघ-फाल्गुन. तिन्हीपैकी एकही जुळत नाही. आधी आधार दुरुस्त करायचं, मग सोलापूरला पासपोर्टची तारीख घ्यायची. आधार केंद्रात मंगळवारी जायचं. शाळेचा दाखला मूळ, दोन झेरॉक्स, दोन फोटो.

१८ जानेवारी
पोराने पहिला हप्ता पाठवला, दोघांच्या नावाने अर्धा-अर्धा. बँकेने कर कापला, पावती पाठवली. फाईल केली.
अक्का विचारते, विमानात ज्वारीचं पीठ किती किलो चालतं. आणि ते तिकडं कुणी काढून घेत न्हाईत ना. पोराला विचारून सांगतो म्हटलं. तिने दहा किलो दळायला काढलीसुद्धा.